बंड्या, ठकी आणि थंडीतलं वजन

हिवाळ्यात सशाच्या वजनाबाबत डोळ्यांवर विसंबता येत नाही. उन्हाळी केस गळून दाट कोट आला की हाडं वर आलेला ससाही गुबगुबीत दिसतो, आणि खरोखर जाड झालेला ससा नुसता 'छान केसाळ' दिसतो. आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात हे दोन्ही एकाच वेळी झालं. एकाच लाकडी घरात राहणारे, एकाच भांड्यातून खाणारे दोन ससे, आणि त्यांची वजनं उलट्या दिशांना निघाली. लांबून पाहणाऱ्याला मात्र दोघंही सारखेच गोलमटोल वाटत होते.

बंड्या आठ वर्षांचा आहे. सशाच्या आयुष्यात हे म्हातारपण. ठकी तीन वर्षांची, लोंबत्या कानांची, नसबंदी झालेली. दोघांची जोडी पक्की. एक उठला की दुसरा उठतो, एकाने अंग चाटायला घेतलं की दुसरा मान पुढे करतो. वर्षभर ते अंगणातल्या लाकडी घरात राहतात आणि शेजारच्या जाळीबंद जागेत फिरतात. हिवाळ्यात त्यांना मध्येच उबदार खोलीत आणायचं आणि पुन्हा बाहेर सोडायचं, असं आम्ही करत नाही. सशाचा कोट थंडीप्रमाणे हळूहळू तयार होतो आणि तापमानाचे असे झटके त्याला बसले की शरीर गोंधळतं. कोरडी, वारा न लागणारी जागा आणि सोबत असेल तर निरोगी ससा थंडी चांगली सोसतो. उलट उकाडा त्याला फार लवकर बाधतो. मात्र थंडी सोसायला इंधन लागतं आणि ते पोटातूनच यायचं असतं, म्हणून मी थंडी सुरू व्हायच्या आधीपासून दोघांचं वजन लिहून ठेवायला घेतलं.

वजनाची पद्धत साधी ठेवली. आठवड्यातून एकदा, तोच वार, सकाळी पेलेट्स (खाद्य दाबून केलेल्या छोट्या गोळ्या) घालण्याआधी. स्वयंपाकघरातला मोठा काटा, त्यावर खोलगट टोपली, टोपलीत घसरू नये म्हणून टॉवेल. रिकाम्या टोपलीचं वजन शून्य करून घ्यायचं आणि सशाला एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली धरून आत ठेवायचं. कान किंवा मानेची कातडी धरून उचलायचं नाही. सशाच्या मागच्या पायांत ताकद भरपूर आणि हाडं हलकी असतात. तो हवेत जोरात लाथ मारतो तेव्हा पाठीचा कणा दुखावू शकतो. एखाद्या आठवड्याच्या आकड्याने घाबरायचं नाही हेही ठरवलं होतं, कारण पोट आणि मूत्राशय भरलेलं की रिकामं, एवढ्यानेही काटा बराच हलतो. पाहायचा तो सलग तीन-चार आकड्यांचा कल.

काट्याइतकाच हात महत्त्वाचा. केसांत बोटं खोल घालून पाठीचा कणा, बरगड्या आणि पुठ्ठ्याची हाडं चाचपायची. याची एक सोपी तुलना प्राण्यांचे डॉक्टर नेहमी शिकवतात. आपली मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. सशाच्या बरगड्या अशा लागत असतील तर तो बारीक आहे. हात उघडून पालथा धरा आणि बोटांच्या मुळांवरून फिरवा. हाडं कळतात पण टोचत नाहीत, तर वजन ठीक. तळव्याच्या गादीवर फिरवल्यासारखं वाटलं आणि बरगड्या शोधाव्या लागल्या तर चरबी जास्त. डॉक्टर याला १ ते ५ गुण देतात आणि ३ हा हवा तो गुण. मादीच्या गळ्याखाली पोळी, म्हणजे लोंबती कातडीची घडी असते, ती मर्यादेत असेल तर नैसर्गिक आहे. पण ती इतकी मोठी झाली की खाली मान घालताना मध्ये येते, तर वजनाकडे पाहायला हवं.

थंडीच्या सुरुवातीला बंड्या २.१० किलो आणि ठकी २.४० किलो होती. पुढच्या काही आठवड्यांत बंड्याचा आकडा खाली सरकत राहिला आणि ठकीचा वर. बंड्या १.९४ वर आला तेव्हा ठकी २.६२ ला पोचली होती. १६० ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही. पण २.१० किलोच्या प्राण्याचे ते साडेसात टक्के होतात. ६० किलोच्या माणसाचं साडेचार किलो वजन कारण नसताना उतरलं तर घरातले गप्प बसणार नाहीत.

आईचं म्हणणं होतं, "अगं, थंडी केवढी पडलीय. त्याला जरा जास्त घाल की भांड्यात." प्राण्यावर माया करणाऱ्या कुणाच्याही मनात हेच येतं आणि त्यात तथ्यही आहे. बाहेर राहणाऱ्या सशाला शरीराची ऊब टिकवायला हिवाळ्यात जास्त ऊर्जा लागते. प्रश्न एवढाच की वाढवायचं काय. भांड्यात दोघांचे मिळून सुमारे १०० ग्रॅम पेलेट्स जात होते, म्हणजे किलोमागे २० ते २५ ग्रॅमच्या नेहमीच्या मापात. भांडं आणखी भरलं असतं तर ते कुणाच्या पोटात गेलं असतं, हे आधी पाहायला हवं होतं. म्हणून मी दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्याजवळ बसून नुसतं पाहिलं.

पाहण्यासारखं बरंच होतं. पेलेट्स पडले की ठकी भांड्यावर यायची आणि तोंड न उचलता खायची. बंड्या शेजारी बसून एक-एक दाणा उचलायचा, सावकाश चावायचा, मध्येच थांबायचा. त्याचे दहा होईपर्यंत भांडं रिकामं व्हायचं. मग तो वाळक्या गवताकडे वळायचा. तिथे त्याचं वागणं मला जास्त खटकलं. लांब, जाड काड्या तो ओढून बाजूला टाकायचा आणि पाना-पानाचा मऊ भाग तेवढा वेचायचा. एखादी काडी तोंडात घेतली तर अर्धी चावून सोडून द्यायचा. हनुवटीखालचे केस ओलसर, चिकटलेले होते. लेंड्या कमी आणि आकाराने लहान. ठकीच्या लेंड्या मात्र मोठ्या, गोल, हलक्या तपकिरी, मोडल्या की आत गवताचे धागे दिसणाऱ्या. चांगल्या सशाच्या असतात तशा.

ओली हनुवटी, काड्या टाकणं आणि लहान लेंड्या एकत्र दिसल्या की दाढा तपासायच्या. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळेच आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. झीज सारखी झाली नाही तर कडा टोकदार होतात. खालच्या दाढांची टोकं जिभेकडे वाढतात, वरच्यांची गालाकडे. मग प्रत्येक चाव्याला टोचतं. ससा भुकेला असतो, भांड्यापर्यंत येतो, पण खाऊ शकत नाही. पेलेट्स त्याला सोपे जातात कारण त्यांचा लगेच भुगा होतो. गवत सुटतं, त्यामुळे झीज आणखी कमी होते आणि टोकं आणखी वाढतात.

डॉक्टरांनी तोंडात दुर्बीण घालून पाहिलं आणि तेच निघालं. खालच्या डाव्या दाढेचं टोक जिभेला लागत होतं. कंबरेचा एक्स-रेही काढला. मणक्याच्या आणि मागच्या पायांच्या सांध्यांत संधिवाताची सुरुवात होती. त्या म्हणाल्या, "थंडीमुळे हा बारीक झाला असं म्हणून तुम्ही नुसता खुराक वाढवला असता तरी हा बारीकच राहिला असता. आधी दुखणं काढू, मग खाणं बघू." थंडीत सांधे आखडतात, म्हातारा ससा झोपायच्या कोपऱ्यातून उठून गवतापर्यंत जायलाच कंटाळतो. बाहेरून ते 'थंडी वाजतेय, बसून राहिलाय' असं दिसतं. हिवाळ्यात वजन उतरलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या सशाचे दात आणि सांधे आधी पाहावेत, यावर त्या ठाम होत्या. आता मीही आहे.

दाढ घासायला भूल द्यावी लागते. भूल म्हटलं की आपण उपाशीपोटी आणायचं असं समजतो. सशाला तसं करत नाहीत. ससा उलटी करूच शकत नाही, त्यामुळे ती भीती नसते. उलट त्याचं आतडं रिकामं राहून मंदावणं हा मोठा धोका असतो. आम्ही त्याचं नेहमीचं गवत आणि कोथिंबिरीची जुडी डब्यात घालून सोबत नेली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा तोंड लावलं ते त्या कोथिंबिरीला. सांध्यांसाठी रोज तोंडातून द्यायचं वेदनाशामक सुरू झालं. औषधाचं नाव आणि मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती सशाचं वजन आणि मूत्रपिंडं पाहून डॉक्टरांनीच ठरवायची असते.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. एकाच घरात एकाला भरायचं होतं आणि दुसरीला हलकं करायचं होतं. त्यांना वेगळ्या घरांत ठेवणं हा उपाय नव्हता. जमलेली जोडी काही दिवस तुटली तर पुन्हा भेटल्यावर भांडण होऊ शकतं, आणि थंडीच्या रात्री दोघं चिकटून झोपतात ती ऊबही जाते. म्हणून जाळीचा एक सरकता पडदा लावला. सकाळी आणि संध्याकाळी पेलेट्सच्या वेळी तेवढा अर्धा तास तो मध्ये यायचा. दोघं एकमेकांना दिसत, नाकाला नाक लावता येई, पण भांडी वेगळी. पहिल्या दोन-तीन वेळा ठकीने जाळी चावली, मग तिला तो क्रम कळला. खाणं झालं की पडदा बाजूला.

बंड्याचे पेलेट्स हळूहळू ६० ग्रॅमवर नेले आणि सुरुवातीला ते कोमट पाण्यात भिजवून दिले. जिभेवरची जखम भरेपर्यंत तेच बरं पडलं. नंतर कोरडे. गवत मात्र त्याच दिवसापासून समोर ठेवलं, कारण दाढ पुन्हा टोकदार होऊ न देण्याचं काम गवतच करतं. त्याच्यासाठी मऊ, पानाळ, दुसऱ्या कापणीचं टिमोथी गवत आणलं. पहिल्या कापणीच्या गवतात काड्या आणि तुरे जास्त असतात, तंतू भरपूर. दुसऱ्या कापणीत पानं जास्त, चव गोड, चावायला सोपं. त्यात रोज चिमूटभर लसूणघास मिसळला. लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम बरंच असतं, म्हणून तो वाढत्या वयाच्या पिल्लांना, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला आणि वजन उतरलेल्या सशाला द्यावा. धडधाकट प्रौढ सशाचं ते रोजचं अन्न नव्हे. मूत्राशयात खर साठणाऱ्या सशाला तर तो टाळलेलाच बरा. बंड्याची लघवी तपासून घेतली होती, म्हणूनच दिला. संध्याकाळी एक छोटा चमचा साधे, न शिजवलेले ओट्स. एवढंच. स्टार्च जास्त झाला की आतड्यातल्या जिवाणूंचा तोल ढळतो आणि वजन वाढायच्या ऐवजी जुलाब होतात.

प्रत्येक बदल आठवडा-दहा दिवस घेऊन केला. थोडं जुनं, थोडं नवं, मग नव्याचा वाटा वाढवत. सशाच्या पोटात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक भली मोठी पिशवी असते, सीकम. तिथे कोट्यवधी जिवाणू तंतू आंबवतात आणि त्यातून निघालेली आम्लं सशाला ऊर्जा म्हणून मिळतात. आंबवण्याच्या या क्रियेत उष्णताही तयार होते. त्यामुळे थंडीत गवत हे अन्न आहेच, शिवाय पोटात चाललेली मंद शेगडीही आहे. पण हे जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात. अचानक वेगळं काही आलं की त्यांची घडी विस्कटते. आईला हे सांगितल्यावर रात्री गवताचा रकाना भरायचं काम तिने स्वतःकडे घेतलं, आणि "वाढवायचं ते गवत" हे तीच आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

रात्रीचं गवत हा हिवाळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे असं मी म्हणेन. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त हालचाल करतो, आणि दिवस-रात्र मिळून तीसेक वेळा थोडं-थोडं खातो. हिवाळ्यात रात्र लांब. संध्याकाळी भरलेलं गवत मध्यरात्री संपलं तर कडाक्याच्या पहाटे पोट रिकामं राहतं, नेमकं त्याच वेळी शरीराला ऊब हवी असते. म्हणून रात्री नेहमीपेक्षा दीडपट गवत, तेही दोन ठिकाणी. एक रकाना झोपायच्या कप्प्याला लागून, म्हणजे बंड्याला आखडलेल्या अंगाने लांब जावं लागणार नाही. रकाना खाली, त्याच्या नाकाच्या उंचीला बांधला. मान वर करून ओढायला लागलं की संधिवाताचा ससा थोडं खाऊन सोडून देतो.

गवत ठेवायचं कसं, यावरही वजन अवलंबून आहे, कारण दमट गवत ससा खात नाही. खायचं गवत हिरवट आणि सुवासिक असतं. कुबट वास, पांढरी बुरशी किंवा हलवल्यावर उडणारी धूळ असेल तर ते फेकायचं. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. आम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून उचलून, कोरड्या खोलीत ठेवतो. आणि गवत व पेंढा यांत गल्लत करायची नाही. पेंढा अंथरायला उत्तम आहे, पोकळ काड्यांत हवा धरून ऊब देतो, पण त्यात पोषण जवळजवळ नसतं. पेंढाच चघळत बसलेला ससा दिसला तर रकान्यातलं गवत संपलंय किंवा त्याला आवडत नाहीये असं समजावं.

ठकीची गोष्ट वेगळी आणि काहीशी अवघड. वजन उतरवायचं म्हटलं की खाणं तोडावंसं वाटतं. सशाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. जाड सशाला उपाशी ठेवलं तर शरीर साठवलेली चरबी भराभर बाहेर काढतं, ती यकृतात जाऊन बसते आणि यकृतच निकामी व्हायला लागतं. म्हणून गवत कधीही तोडायचं नाही. पेलेट्स तेवढे कमी करायचे, आणि वजन आठवड्याला शरीराच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा वेगाने उतरू द्यायचं नाही. ठकीसाठी ही मर्यादा सुमारे २५ ते ५० ग्रॅम होती. आम्ही त्याहूनही सावकाश गेलो. तिचे पेलेट्स टप्प्याटप्प्याने ३० ग्रॅमवर आणले.

ती जाड का होत होती, हे पेलेट्सच्या भांड्याजवळ कळलं होतंच. पण दुसरं कारण हिवाळ्याचंच होतं. दिवस लहान झाला, अंगण ओलं, वारा थंड, की ससे आतच बसतात. तिचं खाणं वाढलं आणि फिरणं घटलं. नसबंदी झालेल्या मादीत वजन एरवीही पटकन वाढतं. त्यामुळे तिचे अर्धे पेलेट्स भांड्यात न घालता मी गवतात पेरायला लागले. काही पुठ्ठ्याच्या नळ्यांत, दोन्ही टोकं गवताने बंद करून. काही जाळीबंद जागेच्या पार टोकाला. एरवी मिनिटात संपणाऱ्या पेलेट्सना तिला चांगला वेळ लागायला लागला, आणि शोधता-शोधता ती गवतही खायची. दुपारी ऊन असेल तेव्हा दोघांना मोकळं सोडत होतो. ऊन जरा जरी पडलं तरी वाया घालवायचं नाही.

जाडपणाची एक खूण मला तिच्यात दिसली आणि ती प्रत्येकाने पाहावी असं वाटतं. सशाच्या दोन प्रकारच्या लेंड्या असतात. कडक गोल आपण झाडून टाकतो त्या, आणि मऊ, काळसर, द्राक्षाच्या घडासारख्या दुसऱ्या. या मऊ लेंड्या सीकममधून येतात, त्यांत जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात आणि ससा त्या थेट गुदद्वारातूनच तोंडात घेऊन गिळतो. हे घाणेरडं नाही, त्याच्या पोषणाचा तो भाग आहे. पोट सुटलेल्या सशाला मागे वळून तोंड पोचत नाही. शिवाय पेलेट्स जास्त आणि गवत कमी असेल तर या लेंड्या जास्त आणि पातळ होतात. मग त्या अंथरुणात पडतात, शेपटीखाली चिकटतात, कातडी ओली राहते आणि थंडीत ओली कातडी म्हणजे ऊब गेली. ठकीच्या शेपटीखाली एक-दोनदा लगदा सापडला. पेलेट्स उतरल्यावर आणि गवत वाढल्यावर ते थांबलं.

पाण्याकडे हिवाळ्यात दुर्लक्ष होतं. ससा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. पाणी गार झालं की पिणं घटतं, आणि पाणी कमी प्यालेला ससा कोरडं गवतही कमी खातो. दुसरा धोका कॅल्शियमचा. इतर बऱ्याच प्राण्यांच्या मानाने ससा अन्नातलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. पाणी कमी पडलं, बसून राहणं वाढलं की ते मूत्राशयात गाळासारखं साचतं. लघवी दाट, पांढरट, वाळल्यावर खडूसारखी भुकटी राहणारी दिसली तर डॉक्टरांकडे जायचं. आम्ही बाटली काढून जड चिनीमातीची भांडी ठेवली. बाटलीच्या नळीतलं पाणी आधी गोठतं, आणि भांड्यातून ससा जास्त पाणी पितो. सकाळी आणि संध्याकाळी कोमट पाणी. कडाक्याच्या पहाटे भांड्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा, तेव्हा रात्री उशिरा आणखी एकदा बदललं. मोजक्या मापाने ओतलं म्हणजे किती प्यायले याचा अंदाज राहतो.

पालेभाज्या हिवाळ्यातही रोज, धुऊन, पाणी न निथळता. तेवढंच पोटात पाणी जातं. पण फ्रिजमधून काढून लगेच नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या. गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना, रोमेन लेट्यूस असं आलटूनपालटून. बाहेर ठेवलेला पाला गोठून काळा-मऊ पडला की उचलून टाकायचा. गाजर आणि फळांत साखर असते. चमचाभराच्या वर नाही, ठकीला तर तेही बंद केलं.

'थंडी आहे, सूर्यफुलाच्या बिया द्या, मका द्या, दाण्यांचं मिश्रण द्या' असा सल्लाही मिळाला. डॉक्टरांनी त्यावर एडिनबरा विद्यापीठातला एक अभ्यास सांगितला. ३२ ससे, चार प्रकारचे आहार, १७ महिने. ज्यांना दाण्यांचं रंगीत मिश्रण मिळालं ते त्यातलं आवडीचं वेचून खायचे, गवत कमी खायचे, पाणी कमी प्यायचे, आणि त्यांच्यात लठ्ठपणा आणि दातांचे त्रास दिसले. बिया-दाण्यांनी वजनाचा आकडा वर जातोही, पण ती चरबी असते आणि तिच्यासाठी गवताचा बळी जातो. बंड्याला लागणारं वजन पाठीच्या कण्याभोवतीच्या स्नायूंचं होतं.

खाण्याइतकीच जागाही वजन राखते. ओल्या अंथरुणावरचा ससा खाल्लेलं सगळं अंग तापवण्यात घालवतो. घर विटांवर उचललं, वाऱ्याच्या बाजूला जाड पडदा बांधला, झोपायच्या कप्प्यात पेंढा वीतभर जाड घातला आणि ओला झालेला कोपरा रोज काढला. सगळ्या फटी मात्र बुजवल्या नाहीत. लघवीतला अमोनिया आत कोंडला की सशाची फुप्फुसं बिघडतात, म्हणून वरच्या बाजूला हवेला वाट ठेवली.

मध्ये एक सकाळ वाईट गेली. बंड्या पेलेट्सना तोंड लावेना, पोट ताणून, डोळे अर्धे मिटून बसला होता, कप्प्यात रात्रीच्या लेंड्या नव्हत्या. ससा बारा तास खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर ती तातडीची वेळ असते. दुपारपर्यंत वाट पाहायची नसते. आम्ही लगेच निघालो, सोबत ठकीलाही नेलं. डॉक्टरांनी त्याला ऊब दिली, त्वचेखाली पाणी चढवलं, वेदनाशामक दिलं, आणि पोटात कुठे अडकलेलं नाही याची खात्री झाल्यावर तंतुमय भुकटी पाण्यात कालवून सिरिंजने भरवली. घरी आल्यावर तेच पुढे चालू ठेवलं. संध्याकाळी पहिल्या लेंड्या पडल्या तेव्हा आईने मला हाक मारून बोलावलं.

हिवाळा सरताना बंड्या २.०६ वर होता आणि ठकी २.४५ वर. बंड्याच्या पाठीवरून हात फिरवला की कणा कळतो, टोचत नाही. तो लांब काड्याही चावतो आता, त्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो. दाढ पुन्हा वाढेल, म्हणून दर दोन महिन्यांनी तपासणी ठरली आहे, आणि थंडी पडायच्या आधीची एक वेगळी.

कोवळं गवत उगवायला लागलं आहे. हिवाळाभर वाळक्या गवतावर राहिलेल्या सशाला ते पोटभर मिळालं तर पोट बिघडतं, म्हणून आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास असं सोडतो, आणि सोडण्याआधी वाळकं गवत खाऊ घालतो. बंड्याचा लसूणघास बंद केला. त्याचे पेलेट्स ५० वर आणले आहेत, ठकीचे ३० वरच. जाळीचा पडदा अजून काढलेला नाही.